भिशीचे ६०,००० आणि हॉलमधली सहा-सात फूट जागा

वाचकाचं पत्र:

मॅडम, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, वय ४४, नोकरी ठाण्याला. सकाळी ७.३५ ला घर सोडते ते रात्री पावणेआठला परत. घरी मिस्टर, दहावीतला मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. गेल्या महिन्यात साखरेच्या तपासणीत एचबीए१सी ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम सुरू करा. स्टेशनच्या पुलाचे जिने उतरताना उजवा गुडघा दुखतो. जिम दोनदा लावली, दोन्ही वेळा तीन महिन्यांत सुटली. आता भिशीचे ६०,००० हातात आलेत. मिस्टर म्हणतात ट्रेडमिल घेऊ. दुकानदाराने ५८,००० चं मल्टी-जिम (बरेच व्यायाम एकाच यंत्रावर) दाखवलं, बाल्कनीत आरामात बसेल म्हणाला. मुलाला डंबेल आणि लटकायचा बार हवाय. हॉल १० बाय १४ चा आहे. काय घेऊ? बाल्कनीला वजन पेलेल का? आणि एवढे पैसे माझ्या एकटीच्या व्यायामावर घालणं बरं दिसेल का? चालणं म्हणाल तर घर ते स्टेशन पंधरा मिनिटं जाताना, पंधरा येताना, रोजचंच आहे.

—

नमस्कार ताई,

चालण्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. पंधरा आणि पंधरा, तीस मिनिटं. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी जे प्रमाण सांगितलं, ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीच्या हालचालीचं आहे. म्हणजे त्याची खालची रेघ तुम्ही ७.५० ची गाडी पकडण्याच्या घाईतच गाठताय. फक्त येतानाही तेवढ्याच भरभर चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा दम लागायला हवा. भाजी घरापाशी घ्या, म्हणजे पिशव्यांमुळे पाय रेंगाळणार नाहीत.

त्याच शिफारशीत दुसरा भाग आहे, आणि तो आपल्याकडे बहुतेकांच्या कानावरच येत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा. तुमच्याकडे नाही ते हे. मग जे आधीच आहे त्यासाठी ६०,००० ची ट्रेडमिल कशाला?

ट्रेडमिल वाईट यंत्र नाही. पावसात, घरात लहान मूल असताना किंवा घराबाहेर चालायला जागाच नसेल तेव्हा ती फार उपयोगी पडते. पण तुमच्या हॉलचा हिशोब करा. यंत्राची लांबी साडेपाच-सहा फूट, आणि तोल गेला तर माणूस मागे फेकला जातो म्हणून मागे साधारण सहा फूट मोकळी जागा लागते. चौदा फुटांच्या हॉलमधले बारा फूट तिथेच संपले. घडी होते म्हणतात, ती होतेही, पण साठ-सत्तर किलोचं ते धूड रोज उभं-आडवं कोण करणार? शिवाय पट्ट्याखाली वेळोवेळी सिलिकॉन तेल घालायला लागतं आणि तिच्या खालची धूळ काढायला लागते. मोटरीच्या ताकदीचा जो मोठा आकडा खोक्यावर छापतात, तो बहुतेक वेळा क्षणभरच्या कमाल ताकदीचा असतो. सलग चालताना मोटर किती ताकद देते ते वेगळं विचारावं लागतं. मिस्टरांना हे सगळं वाचून दाखवा. त्यांना खरंच चालायचं असेल तर रात्री जेवणानंतर तुमच्याबरोबर वीस मिनिटं खाली उतरू देत. जेवणानंतरच्या चालण्याने साखरेची चढ कमी होते, त्यामुळे ती वीस मिनिटं तुमच्याही कामाची.

मल्टी-जिमबद्दल मात्र मी स्पष्ट सांगते, घेऊ नका. बाल्कनीत तर अजिबात नाही. तुम्ही वजनाचं विचारलंत. राहत्या घराच्या खोल्यांसाठी आपल्याकडच्या बांधकाम मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरतात, पण तो पसरलेला भार. मल्टी-जिमचं वजन सव्वाशे-दीडशे किलो, ते चार लहान पायांवर उभं, त्यात बसलेला माणूस, आणि वरून वायरीने उचलून खाली आपटणाऱ्या प्लेटा. बाल्कनीचा स्लॅब बहुधा भिंतीबाहेर लोंबता असतो. इमारत जुनी असेल, ग्रिल लावून कुंड्या आणि वॉशिंग मशीन तिथे आधीच असेल, तर इंजिनिअरने पाहिल्याशिवाय तिथे आणखी काही ठेवू नये. दुकानदाराने फूटपट्टी लावून ‘बसेल’ म्हटलं, एवढ्यावर जाऊ नका.

आणि स्लॅबने पेललं तरी पाऊस आहेच. विरारला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका बाईंच्या घरी असंच यंत्र बाल्कनीत होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी ते पाहिलं. कप्प्या अडकलेल्या, वायरचं प्लॅस्टिक एका ठिकाणी फाटून आतली तार तांबूस झालेली. खेचताना ती तुटली असती तर दांडी थेट तोंडावर आली असती. ते यंत्र भंगारात गेलं. त्या बाईंना मात्र वाटत राहिलं की आपल्यालाच व्यायाम जमत नाही.

माझं बालपण मिरजेचं. घरामागच्या गल्लीत तालीम होती. मुलींना आत जायला बंदी, पण पहाटे खिडकीतून दिसायचं. पोरं आल्या आल्या जोर मारायला लागायची नाहीत. आधी खोरं घेऊन हौद्यातली माती उकरायची, वर-खाली करायची, खडा दिसला तर वेचून बाहेर टाकायची. तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती माती वर्षानुवर्षं जपलेली असायची. जागा तयार झाली की मगच व्यायाम. आत सामान म्हणाल तर मुद्गलांच्या दोन-तीन जोड्या, भिंतीशी एक मल्लखांब, बस. पुढे वीस-बावीस वर्षं लोकांना शिकवताना मी घराघरांत हेच पाहिलं की जिथे फरशीचा एक तुकडा कायम मोकळा राहिला तिथे व्यायाम टिकला, आणि जिथे आधी यंत्र आलं तिथे त्या यंत्राभोवती घर पुन्हा भरत गेलं. म्हणून तुम्हाला पहिली खरेदी सांगते ती बिनपैशाची. हॉलमधला टीपॉय हलवा. तो आतल्या खोलीत जाऊ दे, नाहीतर कोणाला देऊन टाका. आता तिथे उताण्या झोपा, हात डोक्याच्या वर आणि मग बाजूंना पूर्ण पसरा. कुठेही सोफा, टीव्हीचं कपाट किंवा भिंत लागायला नको. साधारण सहा बाय सात फूट निघेल. खडूने कोपरे आखा. त्या रेघांच्या आत यापुढे काही ठेवायचं नाही, इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठासुद्धा नाही.

उभ्या राहून एकदा वर बघा. पंखा नेमका डोक्यावर आहे का? हातात डंबेल घेऊन हात वर केले की बोटं पात्यांपर्यंत पोचतात. मी हे प्रत्येक घरी आधी तपासते. पंखा मध्ये येत असेल तर तुमची चौकट दोन फूट सरकवा, नाहीतर डोक्यावर उचलायचा व्यायाम खुर्चीवर बसून करा.

जागा झाली की सामान. रबराची जाड चटई घ्या, १५ ते २० मिलिमीटरची. रंगीत कोड्यासारखे जोडायचे फोमचे तुकडे दिसायला छान असतात, पण वजन घेऊन उभं राहिलं की दबतात आणि घोटा डळमळतो. नव्या रबराला वास येतो, दोन दिवस गच्चीवर पसरून ठेवा. मग डंबेल. रबराचं आवरण असलेले, षटकोनी, म्हणजे गडगडत नाहीत. अडीच, पाच आणि साडेसात किलोच्या एकेक जोड्या मिळून ३० किलो. किलोमागे दीडशे-दोनशे रुपये धरा. सिमेंट भरलेले प्लॅस्टिकचे निम्म्यात मिळतात, पण चिरले की त्यातली भुकटी घरभर होते. तिसरी वस्तू रबरी पट्ट्या, तीन वेगवेगळ्या ताकदीच्या, दारात अडकवायच्या गाठीसकट. गाठ अशा बाजूने अडकवा की तुम्ही ओढाल तेव्हा दार उघडण्याऐवजी आणखी घट्ट बंद होईल, आणि कडीही लावा. पट्ट्या उन्हात ठेवू नका. ताणण्याआधी बारीक चीर पडलीय का ते बोट फिरवून बघा.

एवढंच. सगळं मिळून दहा-बारा हजारांत. उरलेले पैसे बँकेत ठेवा. सहा महिन्यांनी साडेसात किलो हलके वाटायला लागले की दहाची जोडी घ्या, पाठ टेकायचा बाक घ्या. अंगातली ताकद पुढे, सामान तिच्या मागून.

आता करायचं काय. तुमच्या गुडघ्यापासून सुरुवात करते. जिना उतरताना दुखतो, असं तुम्ही लिहिलंय. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत सगळ्या अंगाचं ओझं सावकाश खाली सोडत असतो. तो कमकुवत असला की ते ओझं गुडघ्याच्या वाटीवर येतं. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टना दाखवा. तसं नसेल तर जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यापुढे उभ्या राहा, पावलं खांद्याएवढी लांब. हात समोर. आता बसायचं, पण एक, दोन, तीन मोजत. शेवटच्या वीतभर अंतरात आपण सगळेच धपकन बसतो. नेमकी तीच वीत तुम्हाला कमवायची आहे. टेकल्यासारखं करा आणि टाचांवर जोर देऊन उठा. गुडघे आत एकमेकांकडे झुकतात का ते कपाटाच्या आरशात बघा. झुकत असतील तर मांडीभोवती रबरी पट्टी बांधून ते बाहेर ढकलत ठेवा. दुखलं तर खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवा. दहा वेळा, मग दीड मिनिट थांबून पुन्हा, अशा तीन फेऱ्या. तीन आठवड्यांनी उशी काढा. पुढे पाच किलोचा एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरा. ही आपली बैठकच आहे, फक्त मोजत आणि ओझं वाढवत केलेली.

दुसरी हालचाल कमरेतून वाकून उचलण्याची. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा, गुडघे किंचित सैल, आणि पाठ ताठ ठेवून नितंबांनी मागची भिंत शोधा. स्पर्श झाला की मांडीच्या मागे ताण जाणवेल. तिथून सरळ व्हा. हे जमलं की पाच-पाच किलोचे डंबेल हातात घेऊन करा. पाण्याची बादली किंवा गव्हाची पिशवी उचलताना पाठ धरते ती याच सवयीच्या अभावी.

जोर जमिनीवर मारायची घाई नको. ओट्याला हात टेकून करा, ओटा मजबूत असतो आणि उंचीही बरोबर असते. मग सोफ्याच्या कडेवर, मग चटईवर. पट्टी दाराला अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढा, दिवसभर संगणकापुढे वाकलेल्या खांद्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे. बसून अडीच-अडीच किलो डोक्यावर. शेवटी दोन्ही हातांत साडेसात किलो घेऊन हॉल ते स्वयंपाकघर चार फेऱ्या. सगळं पंचवीस-तीस मिनिटांत होतं. आठवड्यात दोन दिवस पुरेत, तीन झाले तर उत्तम, पण मध्ये एक दिवस मोकळा हवा. वजन उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. तुमच्या डॉक्टरांना हा बेत एकदा दाखवा, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नक्कीच.

बायकांनी वजन उचललं की अंग पुरुषी होतं, हे तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. तसं होत नाही. तेवढे स्नायू फुगवणारं संप्रेरक आपल्या शरीरात फार थोडं असतं. उलट चव्वेचाळिशीत, पाळी जायच्या आधीच्या या वर्षांत, हाडं विरळ होण्याचा वेग वाढणार असतो, आणि हाडाला टिकून राहायला ओझं लागतं. साखरेचं म्हणाल तर रक्तातली साखर साठवणारं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ६.१ हा आकडा ५.७ ते ६.४ या मधुमेहाच्या उंबरठ्याच्या पट्ट्यातला आहे, तिथून माणसं मागे फिरतात. ती तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून आज सुरू केलंत तर तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी नको.

आणखी एक वाक्य कानावर येईल, ‘दिवसभर घरकाम करते, तोच व्यायाम.’ घरकामाने माणूस दमतो हे खरं. पण कणकेचा गोळा दर महिन्याला जड होत नाही. ताकद वाढते ती ओझं हळूहळू वाढलं तर.

मुलाला डंबेल वापरू द्या. वजनं उचलली की उंची खुंटते ही समजूत निराधार आहे; शिकून, बेताच्या वजनाने केलं तर त्या वयात काही अपाय नाही. कोण किती उचलतो याची मित्रांशी पैज मात्र नको. त्याच्या बारबद्दल सावध राहा. दाराच्या चौकटीत अडकवायचे जे बार मिळतात, त्यांना चौकटीच्या वर बाहेर आलेली पट्टी लागते. आपल्याकडच्या चौकटी बहुतेक वेळा भिंतीला सपाट असतात, पकडायला काहीच नसतं. नुसत्या दाबावर बसणारा बार एक दिवस घसरू शकतो. भिंतीत ठोकायचा असेल तर तुळईत किंवा खांबात, म्हणजे खऱ्या काँक्रीटमध्ये. नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात बोल्ट धरत नाही. जागा सापडली नाही तर जवळच्या बागेतला बार वापरू दे.

सासूबाईंना हॉलमध्ये आखलेल्या चौकटीत आवर्जून घ्या. पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यात तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम सांगितलेले आहेत, कारण त्या वयात पडणं फार महागात पडतं. त्यांनी ओटा धरून टाचा उचलायच्या, भिंतीशेजारी एका पायावर दहा आकडे उभं राहायचं, आणि तुमच्याच खुर्चीवर हात न टेकता पाच वेळा उठायचं. पहिल्या दिवशी उठवलं नाही तर दोन उशा ठेवा. शेजारी तुम्ही किंवा नातू उभा हवा.

बरं दिसेल का, असं विचारलंत. ताई, जिम दोनदा का सुटली ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण ७.३५ आणि पावणेआठ या दोन आकड्यांमध्ये ते दिसतं. तीन डबे करून घर सोडणारी आणि आल्या आल्या ओट्याशी उभी राहणारी बाई जिमला कधी जाणार? नुसतं सामान घरी आणून हे बदलत नाही. यंत्र हॉलमध्ये असलं तरी पावणेआठला कुकर तुमचीच वाट बघणार. म्हणून मंगळवार आणि गुरुवार ठरवून घ्या. स्टेशनवरून आलात की सोफ्यावर बसायचं नाही. टी-शर्ट सकाळीच दारामागच्या खुंटीवर अडकवून ठेवा, हातपाय धुतले की तो घाला आणि चौकटीत उभ्या राहा. त्या अर्ध्या तासात वरण-भात मिस्टर लावतील, कोशिंबीर मुलगा करेल. हे त्यांना गप्पांच्या ओघात सांगू नका, नीट समोर बसवून सांगा, रिपोर्ट हातात घेऊन. रविवारी सकाळी तिसरा दिवस, तेव्हा सगळ्यांनी मिळून करा.

भिशीचे हप्ते तुम्ही महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या पगारातून भरलेत. त्यातले बारा हजार गुडघ्यासाठी, हाडांसाठी, साखरेसाठी जातायत. मुलाच्या क्लासची फी भरताना तुम्ही कोणाला विचारलं होतंत का, बरं दिसेल का म्हणून?

एक चाळीस पानी वही घ्या. तारीख, काय केलं, किती वजन, किती वेळा, एवढंच लिहा. आधी टीपॉय हलवून जागा मोजा आणि किती फूट निघाली ते मला कळवा. पंखा कुठे येतो तेही लिहा, त्यावरून खुर्ची कुठल्या भिंतीला लावायची ते सांगते.